भावजींची समता आणि कोबीचे गड्डे

"लसूण सोलून सोलून माझी नखं गेली, आणि फोटोत मात्र हा," मिरान वन्सं माझ्या कानाशी पुटपुटल्या.

हा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे दीर, इनग्यू भावजी. अंगणाच्या मधोमध ते गुलाबी रबरी हातमोजे घालून उभे होते, हातात कोबीचा अर्धा गड्डा, आणि त्यांची बायको मालिन त्यांचा फोटो काढत होती. एक काढून झाला. भावजींनी तो पाहिला आणि मान हलवली. हातमोजे फारच स्वच्छ दिसत होते म्हणे. मग ते आमच्या घमेल्यापाशी आले, बोटभर मसाला घेतला, दोन्ही हातमोज्यांना फासला आणि परत जाऊन उभे राहिले. दुसरा फोटो छान आला.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही सगळे गावाकडे, हेनामला सासूबाईंकडे किमची, म्हणजे हिवाळाभराचं कोबीचं तिखट लोणचं, घालायला जमतो. सगळे म्हणजे कसे, तर बायका आदल्या दिवशी येतात, कोबी चिरतात, मिठात घालतात, मुळे किसतात, आलं-लसूण सोलतात. पुरुष दुसऱ्या दिवशी येतात, डुकराचं मटण शिजत आलं की. मग एखादं जड घमेलं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतात, कंबर धरतात आणि जेवायला बसतात. हे इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं.

या वर्षी मात्र पुरुष शनिवारीच हजर झाले. किमचीसाठी नव्हे, सासूबाईंसाठी. सप्टेंबरात अंगणात मिरच्या वाळत घालताना त्या घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आल्या, वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या. रोज सकाळी सरकारी मदतनीस बाई येते, त्यांना धुऊन-पुसून कपडे बदलते, भात आणि सार करून ठेवते, दुपारी निघून जाते. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र सासूबाई आणि त्यांचा वॉकर. शनिवार-रविवार मी.

तेव्हा आईचं पुढे काय करायचं, हे ठरवायला सगळे जमले होते, आणि जमल्यापासून त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता. तशी गरजही नव्हती. माझ्या नवऱ्याने मागची छोटी खोली रिकामी करून घेतली होती आणि भिंतींना नवा कागद लावला होता, फिकट, बारीक फुलांचा. ही कोणासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाला, असावी तयार. मला बारीक फुलं आवडतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

सांगदोक, म्हणजे माझा नवरा, वाईट माणूस नाही. हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांना ऐकवलंय की आता ते त्याचं आडनाव वाटतं. वसंतात तो एसीच्या कारखान्यातून निवृत्त झाला. तेव्हापासून तो मित्रांबरोबर डोंगर चढतो, डोंगर उतरतो आणि पायथ्याशी जेवतो. थोडक्यात, कुटुंबात पूर्ण मोकळा माणूस एकच होता. तरी छोट्या खोलीत राहायला जायचं ते मी, हे ठरलेलंच होतं. सूर्याने कुठल्या बाजूने उगवायचं यावर कोणी बैठक बोलावत नाही, तसंच.

मी ग्वांगजूमध्ये सिटी बस चालवते. मुलगी कमवायला लागली, पन्नाशी समोर दिसायला लागली, तेव्हा मी मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं. पहिल्यांदा मला खेड्यापाड्यांची छोटी बस दिली. तिच्यात आज्या मुळ्यांची पोती घेऊन चढायच्या आणि उतरताना मला एक मुळा देऊन जायच्या. मागच्या वर्षी शहरातली मोठी बस मिळाली आणि मी कायम झाले. या वयात एकदा खाली उतरले की परत कोणी त्या सीटवर बसवणार नाही. सासूबाईंनी सुरुवातीला गावात सांगून टाकलं होतं की थोरली सून वाहतुकीच्या ऑफिसात आहे. नंतर एकदा डोळे दाखवायला ग्वांगजूला आल्या, तेव्हा माझ्याच बसमध्ये, माझ्या बरोबर मागच्या सीटवर बसल्या. अख्ख्या वाटेत काही बोलल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, ब्रेक जरा जोरात मारतेस.

तर भावजी. भावजी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला प्राध्यापक आहेत. त्यांचा विषय समता. बाईला घरात किती काम पडतं आणि पुरुषाला किती, कुठल्या देशात किती, आणि ते सारखं कधी होणार, याचा अभ्यास ते करतात. या सहामाहीत सोलच्या एका विद्यापीठाने त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, स्वीडन आणि कोरिया यांची तुलना करून सांगायला. शनिवारी गाडीतून उतरल्यापासून त्यांनी ती आम्हाला फुकटात ऐकवायला घेतली. जगाच्या यादीत स्वीडन कसा वरच्या पायरीवर आहे, आपण कसे खाली पायपुसण्यापाशी आहोत, आणि हे बोलताना त्यांना किती यातना होतात.

यातना होत असणार, कारण अर्ध्या तासात ते खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर आडवे झाले. स्वीडनमध्ये, मालिन सांगते, ते रोज भांडी घासतात, कपडे धुतात आणि ठरलेल्या वारी मासे करतात. इथे आईच्या उंबऱ्याशी बूट काढले, त्यांच्याबरोबर तेही सगळं बाहेरच राहिलं असावं. आडव्या आडव्या ते म्हणाले, "वहिनी, जरा पाणी." मग उठून बसले आणि कोरियन पुरुष उठून पाणी का घेत नाही, यावर बरंच बोलले. तो त्याचा दोष नाही म्हणे, रचनेचा आहे. मी पाणी दिलं. बोलून बोलून घसा सुकला होता बिचाऱ्यांचा.

रविवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं की आज कोबी पुरुष धुणार. मी तेव्हा आत सासूबाईंना आंघोळ घालत होते, वन्सं मटण आणायला खाटकाकडे गेल्या होत्या. म्हणजे अडवायला कोणी नव्हतं. दोघा भावांनी बाह्या सरसावल्या आणि रात्रभर मिठात मुरलेले गड्डे खरोखरच धुतले. चांगले धुतले, तेवढं श्रेय देते. मग ते बांबूच्या तट्ट्यांवर रचून ठेवले, कापलेली बाजू वर करून.

ज्यांनी कधी किमची घातली नाही त्यांना यात काय बिघडलं ते कळणार नाही. त्या दोघांनाही कळलं नव्हतं, आणि त्यांचा जन्म या अंगणात झाला आहे. धुतलेला गड्डा पालथा ठेवायचा असतो, म्हणजे पाणी निथळून जातं. उताणा ठेवला की पानापानांत पाणी साठतं, मसाला वाहून जातो आणि किमची जानेवारीतच आंबट ढाण होते. मी सासूबाईंच्या केसांवरचा टॉवेल तसाच ठेवून बाहेर आले, तर सबंध अंगणभर उताणे गड्डे, प्रत्येकाच्या पोटात एक तळं, आणि भावजी त्यांचे फोटो काढताहेत. म्हणाले, "वहिनी, बघा, कमळं फुलल्यासारखी दिसतात की नाही?"

दिसत होती खरी.

वन्सं आल्या, त्यांनी बघितलं, मटणाची पिशवी खाली ठेवली आणि पहिला गड्डा पालथा केला. मग आम्ही दोघींनी एकेक गड्डा उचलला, पिळला, पालथा घातला. पुरुषांनी आपला वाटा उचललेला असल्यामुळे ते आत विश्रांतीला गेले. भावजी फोनवर कोणाला तरी सांगत होते की आज आमच्याकडे धुण्याचं काम आम्ही भावांनी केलं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीने घरातलं वातावरण किती बदललं. बदललं होतंच. किमची दुपारपर्यंत लांबली होती.

मालिन मात्र आत गेली नाही. सासूबाईंची फुलाफुलांची ढगळ विजार तिने घातली होती, ती तिला पोटऱ्यांपर्यंतच येत होती. आमच्याजवळ उकिडवी बसून, वन्सं कसं करतात ते एकदा बघून, ती गड्डे भरायला लागली. एकेक पान उचलायचं, बुडाशी मसाला जास्त, टोकाला कमी, आणि शेवटी बाहेरच्या पानाने सगळं गुंडाळून घ्यायचं. सासरच्या माणसांशी बोलता यावं म्हणून ती आमची भाषा शिकली आहे. तिची वाक्यं लहान असतात, आणि म्हणूनच सरळ असतात.

वन्संनी तिच्या आईची चौकशी केली. वन्संचं मोकपोला केशकर्तनालय आहे, त्यामुळे कोणाच्याही आईची चौकशी त्यांना सहज जमते. मालिनने सांगितलं, आई वृद्धाश्रमात असते, नगरपालिकेच्या. चांगला आहे. खिडकीतून बर्च दिसतात. मालिन रविवारी जाते, कधी इनग्यूही येतो.

"मग तिला धुतं-पुसतं कोण?" वन्संनी विचारलं.

"एक सोमालियाची बाई आहे. एक फिलिपिन्सची. फार मायाळू आहेत दोघी."

"पुरुष नाही कोणी?"

"एक आहे. इराकमधून आला."

"आणि तुमच्याकडचा? स्वीडनचा?"

मालिनने थोडा विचार केला. "तो व्यवस्थापक आहे," ती म्हणाली. मग स्वतःच हसली.

वन्सं हसल्या नाहीत. त्या सोमालियाच्या बाईच्या आईला कोण धुतं, असं त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मालिनचा हात पानावर थांबला. कितीतरी वर्षं ती त्या बाईला भेटते, नाताळला तिला काही ना काही देते, तिच्या मुलांची नावं तिला पाठ आहेत. पण हे कधी विचारलं नाही, असं म्हणाली. तिचे कान लाल झाले. मला तिच्याबद्दल उगीचच माया वाटली. तिच्या देशाने एवढं मोठं काम केलं होतं, बाईच्या हातातून ते ओझं काढून घेतलं होतं. फक्त ते ठेवायला दुसऱ्या बाईचे हात शोधले होते, लांबून आलेले.

आम्ही तिघींनी पुढचे गड्डे भरायला घेतले. मग मालिन हळूच म्हणाली, "वहिनी, ती मागची खोली. इनग्यू म्हणतो..."

वन्संनी चटकन गड्ड्याच्या आतलं पिवळं कोवळं पान तोडलं, त्यात मसाल्याची गोळी आणि खारवलेला जवळा गुंडाळला आणि तो घास सरळ तिच्या तोंडात कोंबला. "बघ गं, मीठ बरोबर आहे का."

किमची घालताना पहिला घास असा एकमेकींना भरवायचा असतो, त्यामुळे मालिनला वाईट वाटायचं कारण नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तरी ती चावत राहिली, आणि मीठ बरोबर आहे असं तिने मानेनेच सांगितलं. दुसरा घास वन्संनी मला भरवला. का, ते मला कळलं. वन्संचं स्वतःचं दुकान आहे, गुडघे गेलेले आहेत, आणि ही त्यांची सख्खी आई आहे. बोलणं निघालं असतं तर कुठेतरी त्यांचंही नाव आलं असतं. त्यांना दोष कसा देणार? मीसुद्धा तो घास मुकाट्याने चावला की.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणायचा सराव केला होता. रोज सकाळी डेपोतून रिकामी बस काढताना, आरशात बघून. मला जमणार नाही, एवढे तीनच शब्द. रिकाम्या बसमध्ये ते झकास वाटायचे. पहिला प्रवासी चढला की मी गप्प व्हायचे.

जेवायला दुपार कलली. ताजी किमची, वाफाळतं मटण, कालवं, तांदळाची दारू. आम्ही सगळे बैठ्या टेबलाभोवती जमिनीवर बसलो. सासूबाईंना खुब्यामुळे खाली बसता येत नाही, म्हणून त्या टेबलाच्या टोकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, सगळ्यांच्या वर, प्रत्येकाची टाळू दिसेल अशा. मी त्यांच्या वाडग्यात मटणाचे बारीक तुकडे करून देत होते. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या की यंदा किमचीला पाणी सुटणार. सांगदोकने दारू ओतली.

दोन वाट्यांनंतर भावजींना कंठ फुटला. स्वीडन आणि कोरिया यांच्यात खरा फरक कायद्यांचा नाही, हातांचा आहे, असं ते म्हणाले. त्यांचा मुलगा एलियास झाला, तेव्हा मालिन कामावर गेली आणि ते आठ महिने पगारी रजा घेऊन घरी राहिले. तिकडे बागेत बाप लोक बाबागाड्या घेऊन कॉफी पीत बसलेले दिसतात. कोणी वळूनही बघत नाही. इथे कायद्याने रजा आहे, पण घेणाऱ्याकडे साहेब अजून कसा बघतो? ते बोलत होते आणि मला सांगितलंच पाहिजे, ते खरं बोलत होते. माझ्या नवऱ्याने आमच्या मुलीचा लंगोट एकदा बदलला आहे, तोही उलटा.

"याच हातांनी केलंय मी पोराचं सगळं," भावजी हात पुढे करून म्हणाले. "पुरुषाला जमत नाही, हे थोतांड आहे. हातांना कुठे कळतं, आपण बाईचे की पुरुषाचे?"

मग त्यांनी वाटी उचलली आणि त्यांचा आवाज ओला झाला. पण युरोपने एक गोष्ट गमावली, म्हणाले. माया. तिकडे म्हातारी माणसं खिडकीतून झाडं बघत बसतात. आपल्याकडे अजून घर आहे. आपल्याकडे वहिनींसारखी माणसं आहेत, जी मागत काही नाहीत, देतात फक्त. सोलच्या भाषणात त्यांनी माझा उल्लेखही केला होता, नाव न घेता. सगळ्यांनी वहिनींसाठी वाट्या उचलाव्यात, असं ते म्हणाले.

सगळ्यांनी उचलल्या. मालिनने उचलली नाही. तिला कदाचित सगळं कळलं नसेल, किंवा तिलाच तेवढं कळलं असेल.

सांगदोकने घसा साफ केला. "खोली तयार आहे," तो वाटीकडे बघत म्हणाला. "कडाक्याची थंडी पडायच्या आत जर..."

पुढचं वाक्य त्याने हवेत सोडून दिलं. ते कोणीतरी पकडेल अशी त्याची खात्री होती, आणि आमच्या घरात पकडणारी कोण ते त्याला माहीत होतं. वन्सं किमचीचं पान हाताने उभं फाडत राहिल्या, एवढं बारीक की दोरे झाले. माझे तीन शब्द दातांपर्यंत आले. मी तोंड उघडलं आणि ऐकलं, तर मी विचारत होते, "मटण वाढू का अजून?"

"इनग्यू," सासूबाई म्हणाल्या, "पोराचं सगळं जमलं म्हणतोस तुला?"

"हो तर, आई. आठ महिने."

"हगणं-मुतणंसुद्धा?"

भावजी हसले. "सगळं."

"घाण नाही वाटली?"

"आपल्या माणसाची कसली घाण, आई?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "मला आता माझं धुता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, भाजीवालीशी बोलावं तसा. "हात मागे पोचत नाही. मदतनीस दुपारी जाते, त्यानंतर काही झालं तर सकाळपर्यंत मी त्यातच असते. रात्री अंथरूणही ओलं होतं."

"आई, आत्ता जेवताना कशाला..." सांगदोक म्हणाला.

"जेवतानाच तर सगळे एका जागी सापडता."

वन्संनी मान खाली घातली. मी उठायला लागले, काहीतरी आणायला, काय ते मलाही माहीत नव्हतं. सासूबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं. म्हातारीचा हात जड होता.

"खोली चांगली झालीय. सांगदोक, तू वसंतापासून मोकळा आहेस, तू ये. इनग्यूला धुता येतं, तो जायच्या आधी तुला शिकवेल. मिरान रविवारी दुकान बंद ठेवते, ती त्या दिवशी येईल."

सांगदोकचा चेहरा मिठातून काढलेल्या पानासारखा झाला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं.

"पण आई," भावजी हळूच म्हणाले, "वहिनी असताना..."

"ती बस चालवते." सासूबाईंनी आपल्या मुलांकडे एकेक करून बघितलं. "या टेबलाशी मी जन्म दिलेली तीन माणसं बसलीत. त्यांत ती नाही."